जगातले पारंपरिक ब्रेड घरच्या ओव्हनमध्ये: आधी अडचण ओळखा, मग पीठ मळा

परदेशी ब्रेडची कृती शब्दशः पाळली, तरी हातात येतो तो भलताच काहीतरी, ही तक्रार नेहमी ऐकू येते. बहुतेक कृतींत मापं दिलेली असतात, पण ती मापं तशीच का, हे सांगितलेलं नसतं. मग आपल्याकडचं पीठ वेगळं निघालं किंवा ओव्हन छोटा असला की कुठे काय बदलायचं ते कळत नाही.

पारंपरिक ब्रेड कोणी ठरवून घडवलेला नसतो. कुठे गहू हलका होता, कुठे गहू पिकतच नव्हता, कुठे भट्टी नव्हती, कुठे धर्माने लोणी वर्ज्य केलं होतं. लोकांनी त्यातून वाट काढली आणि तो ब्रेड तसा झाला. ती अडचण एकदा समजली की कृतीतलं काय बदललं तर चालेल आणि कशाला हात लावायचा नाही, हे आपोआप उमगतं. इथे पाच ब्रेड घेतले आहेत, सोप्यापासून अवघडापर्यंत. शक्यतो याच क्रमाने करा.

आधी थोडी तयारी

वजनकाटा नसेल तर आधी तो घ्या, बाकी खरेदी नंतर. कपाने मैदा मोजला तर तो कसा भरला यावर एका कपात १२० ग्रॅमही बसतो आणि दाबून भरला तर १५० ग्रॅमही. ब्रेडमध्ये एवढा फरक खूप झाला.

बेकरीत पिठाचं वजन शंभर धरतात आणि बाकी सगळं त्याच्या टक्क्यांत मोजतात. ५०० ग्रॅम मैद्याला २८० ग्रॅम पाणी म्हणजे ५६ टक्के. हा एक आकडा पाहिला की पीठ कसं होणार ते मळण्याआधीच समजतं. ५५ च्या आसपास घट्ट, ६५ ला मऊ, आणि ८० ला इतकं सैल की ओट्यावर मळायच्या भानगडीत न पडता भांड्यातच घड्या घालाव्या लागतात.

मैद्याच्या पाकिटावर १०० ग्रॅममागे प्रथिनं किती ते छापलेलं असतं. १२-१३ ग्रॅम असतील तर मैदा ताकदीचा, यीस्टच्या ब्रेडसाठी चांगला. ८-९ असतील तर तो केक-बिस्किटांचा. या लेखातल्या पहिल्या ब्रेडला मात्र हलकाच मैदा हवा.

यीस्ट म्हणजे इथे सगळीकडे इन्स्टंट यीस्ट, थेट पिठात मिसळायचं. तुमच्याकडे अ‍ॅक्टिव्ह ड्राय यीस्ट असेल तर सव्वापट घ्या आणि कृतीतल्याच थोड्या कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून फेस येऊ द्या. पाणी बोटाला कोमट लागलं की पुरे. ५५-६० अंशांच्या पुढे यीस्ट मरतं.

ओव्हनच्या बटणावरच्या आकड्यावर फार विसंबू नका. आत ठेवायचा साधा थर्मामीटर घेतला तर पंधरा-वीस अंशांची तफावत सहज दिसते. तापल्याचा दिवा लागला तरी ओव्हनच्या भिंती आणि ट्रे अजून पुरेसे तापलेले नसतात, म्हणून अर्धा तास आधी सुरू करा. छोट्या ओव्हनमध्ये वरची कॉइल ब्रेडच्या डोक्यावरच येते. तिथे ट्रे एक खण खाली ठेवायचा.

१. सोडा ब्रेड (आयर्लंड): हलका गहू, भट्टी नाही

आयर्लंडच्या थंड, ओलसर हवेत पिकणारा गहू मऊ, त्यात ग्लुटेन (पिठाला ताण देणारं गव्हातलं प्रथिन) कमी. यीस्ट घालून तो नीट फुगत नाही. १८३० च्या दशकात खायचा सोडा मिळू लागला आणि लोणी काढल्यावर उरणारं आंबट ताक घरोघरी होतंच. घरात भट्टी नसे. पीटच्या (दलदलीतून काढून वाळवलेल्या जळणाच्या) विस्तवावर लोखंडी भांडं टांगायचं, झाकणावरही निखारे ठेवायचे आणि त्यात ब्रेड भाजायचा. या ब्रेडचं सगळं तंत्र या तीन गोष्टींत आलं.

लागेल ते: हलका मैदा ४५० ग्रॅम (अर्धा गव्हाचा जाडसर आटा घेतला तर चव अधिक चांगली), खायचा सोडा १ सपाट चहाचा चमचा, मीठ १ चमचा, दाटसर आंबट ताक ३५० ते ४०० मिली.

ओव्हन २२० अंशांवर तापवा. कोरडं सगळं चाळून घ्या. सोड्याची एक गुठळी राहिली तरी तिथे पिवळा, कडवट डाग पडतो. मध्ये खळगा करून बहुतेक ताक एकदमच ओता, बोटं ताठ आणि फाकवलेली ठेवून भांड्याच्या कडेकडेने हात गोल फिरवा. वीस-पंचवीस सेकंदांत पीठ एकत्र येतं. इथेच थांबायचं. यीस्टच्या ब्रेडची सवय असलेल्यांचे हात शिवशिवतात, पण हे पीठ मळलं की ब्रेड विटेसारखा होतो. ग्लुटेन तयार होऊ द्यायचंच नाही, म्हणून तर हलका मैदा.

गोळा मैदा भुरभुरलेल्या ओट्यावर काढा, हलक्या हाताने उलटवून चार सेंटिमीटर उंचीची जाड चकती करा. वरून सुरीने फुलीचा चर पाडा, वरवरचा नको, चांगला अर्ध्यापर्यंत जाऊ द्या. मधला भाग भाजायला सगळ्यात जास्त वेळ घेतो, चर पाडला की तिथपर्यंत उष्णता पोचते. लगेच ओव्हनमध्ये. ताक लागल्या क्षणापासून सोड्याचा वायू सुटायला लागतो, तो तुमच्यासाठी थांबत नाही. २२० वर १५ मिनिटं, मग २०० वर २५ ते ३० मिनिटं. बुडावर टकटक केल्यावर पोकळ आवाज आला की झाला.

जाड लोखंडी झाकणाचं भांडं असेल तर ते ओव्हनमध्येच तापवून त्यात भाजा. मूळ पद्धतीच्या सगळ्यात जवळचा कवच असाच मिळतो. ताक आंबट नसेल तर सोडा पूर्ण वापरला जात नाही आणि ब्रेडला साबणाची चव येते, तेव्हा सोडा वाढवण्याऐवजी ताकाला आंबट होऊ द्या. बेदाणे, साखर, अंडी घालून जो गोड प्रकार मिळतो तो वाईट नाही, पण तो केकच्या घरचा.

२. पाँव जी केजू (ब्राझील): गहूच नाही

ब्राझीलच्या मिनास जेराइस भागातले हे चीजचे छोटे गोळे. तिथे पीक कसाव्याचं (ज्याच्यापासून साबुदाणा होतो तो कंद), म्हणून ब्रेडही त्याच्याच स्टार्चचा. ग्लुटेन शून्य, यीस्ट नाही, सोडा नाही, तरी गोळे टम्म फुगतात. खुबी अशी की उकळतं दूध-तेल ओतल्यावर स्टार्चचा काही भाग शिजून चिकट, ताणला जाणारा होतो आणि ओव्हनमधली वाफ तो आत धरून ठेवतो. तिथे आंबवून उन्हात वाळवलेला स्टार्चही मिळतो. त्याने गोळे जास्त फुलतात आणि किंचित आंबट लागतात.

लागेल ते: टॅपिओका (म्हणजे कसाव्याचा) स्टार्च २५० ग्रॅम, दूध १२५ मिली, पाणी ६० मिली, तेल ६० मिली, मीठ १ चमचा, अंडं १, किसलेलं कडक, खारट चीज १२० ग्रॅम.

दूध, पाणी, तेल आणि मीठ खळखळून उकळा. नुसतं गरम असून चालत नाही, ते वर येताक्षणी स्टार्चवर ओता आणि लाकडी चमच्याने ढवळा. गचगचीत, ओबडधोबड गोळा दिसेल, घाबरू नका. हात लावता येईल इतपत निवल्यावर अंडं घालून मळा, मग चीज. तेलाच्या हाताने लिंबाएवढे गोळे करून २०० अंशांवर २० मिनिटं भाजा. गरम असतानाच खायचे. उरले तर कच्चे गोळे फ्रीझरमध्ये टाका आणि हवे तेव्हा तसेच गोठलेले भाजा, पाचेक मिनिटं जास्त लागतात.

३. खल्ला: लोणी चालत नाही

ज्यू लोकांच्या शब्बाथच्या (आठवड्याच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाच्या) जेवणात टेबलावर दोन खल्ला असतात. वाळवंटातल्या प्रवासात शब्बाथच्या आदल्या दिवशी दुप्पट ‘मान्ना’ (देवाने पाठवलेलं अन्न) मिळाला, ही त्यामागची आठवण. ज्यू आहारनियमांत मांस आणि दुधाचे पदार्थ एकत्र चालत नाहीत, आणि त्या जेवणात बहुधा मांस असतं. म्हणून श्रीमंती ब्रेड असूनही यात लोणी-दूध नसतं. मऊपणा येतो अंडी, तेल आणि साखर यांतून. ‘लोणी घातलं तर अजून छान’ असं सांगणाऱ्या कृती चविष्ट असतीलही, पण त्यातून खल्ला होत नाही, दुसरा ब्रेड होतो.

लागेल ते: ताकदीचा मैदा ५०० ग्रॅम, यीस्ट ७ ग्रॅम, साखर ६० ग्रॅम, मीठ ९ ग्रॅम, अंडी २ आणि वर एक पिवळा बलक, बिनवासाचं तेल ७५ मिली, कोमट पाणी साधारण १८० मिली. वरून लावायला आणखी एक अंडं, हवे तर तीळ किंवा खसखस.

पाणी, अंडी, साखर आणि तेल फेटून घ्या, त्यात मैदा, यीस्ट आणि मीठ घाला. गोळा झाला की ओट्यावर दहा-बारा मिनिटं चांगला तिंबा. सुरुवातीला चिकटतो, म्हणून मैद्याची भर घालायचा मोह होतो. तो टाळा, पाच मिनिटांत पीठ आपणहून सुटं होतं. बोटाने दाबलेला खड्डा हळूहळू वर आला की पुरे. तेलाच्या भांड्यात झाकून दीड ते दोन तास, दुप्पट होईपर्यंत ठेवा. साखर आणि तेल जास्त असलं की यीस्ट रेंगाळतं, तेव्हा घड्याळापेक्षा पिठाकडे बघा.

आता वेणी. तीन पेडांची कोणालाही येते आणि तीही परंपरेतलीच आहे. पण सहा पेडांची उंच, भरदार वेणी करायची पद्धत दिसते त्यापेक्षा बरीच सोपी आहे:

१. पिठाचे वजन करून सहा सारखे भाग करा, प्रत्येक साधारण १५५ ग्रॅम. डोळ्यांनी अंदाज घेतला की वेणी एका बाजूला कलते.
२. प्रत्येक भाग चपटा करून गुंडाळा, मग लांब वळा, ३५ सेंटिमीटरपर्यंत, मध्ये जाड आणि टोकांना निमुळता. मध्येच आखडायला लागला तर त्याला पाच मिनिटं सोडून पुढचा घ्या.
३. पेडांवर चिमूटभर मैदा भुरभुरा. तो असला की भाजल्यावर पेड एकमेकांत विरघळत नाहीत, वेगवेगळे उठून दिसतात.
४. सहाही पेड समांतर ठेवून वरची टोकं एकत्र दाबा.
५. सगळ्यात उजवीकडचा पेड उचला: दोघांवरून, एकाखालून, पुन्हा दोघांवरून. तो आता सगळ्यात डावीकडे गेला.
६. आता जो उजवीकडे आला तो उचला आणि पुन्हा तेच. प्रत्येक वेळी उजवीकडूनच सुरुवात.
७. पेड संपत आले की टोकं दाबून दोन्ही बाजू बुडाखाली दुमडा.

चुकलात तर दोन फेऱ्या उलगडा आणि पुन्हा घाला, पीठ तेवढं सहन करतं. फार आवळून मात्र विणू नका. भाजताना फुगायला जागा नसली की पेडांच्या मध्ये फाटतं आणि आतला पांढरा भाग ओरखड्यासारखा दिसतो.

अंडं चिमूटभर मिठात फेटून एक हात लावा, झाकून पाऊण ते एक तास फुगू द्या, मग दुसरा हात आणि वरून तीळ. पहिला हात पाणी सुटून पातळ होतो, दुसऱ्याने खरी चकाकी येते. १८० अंशांवर ३० ते ३५ मिनिटं. साखर आणि अंड्यामुळे वीस मिनिटांतच रंग गडद होतो आणि ब्रेड झाला असं वाटतं, पण आत कच्चाच असतो. वरून फॉइल सैल ठेवा आणि थर्मामीटर असेल तर मधोमध ८८ ते ९० अंश दिसेपर्यंत थांबा.

४. बेगल: आधी पाण्यात, मग आगीत

बेगल या कड्यासारख्या ब्रेडचा एक जुना लेखी उल्लेख पोलंडमधल्या क्राको शहरातल्या ज्यू समाजाच्या १६१० च्या नियमांत सापडतो. मधल्या भोकामुळे तो लवकर आणि एकसारखा भाजतो, शिवाय फेरीवाल्यांना दोरीत किंवा काठीवर ओवून नेता येतो. पण बेगलचा जीव भोकात नाही, उकळत्या पाण्यात आहे. पाण्यात पडताच वरचा स्टार्च शिजतो आणि कवच घट्ट होतं, त्यामुळे ओव्हनमध्ये तो फार फुगू शकत नाही. दाट, चावून खायचा गाभा आणि चकचकीत साल हे त्याचंच फळ. जो उकळला नाही तो भोकाचा पाव.

लागेल ते (८ बेगल): ताकदीचा मैदा ५०० ग्रॅम, पाणी २८० ग्रॅम, मीठ १० ग्रॅम, यीस्ट ३ ग्रॅम, माल्ट सिरप (मोड आणलेल्या बार्लीचा गोड पाक) किंवा मध १५ ग्रॅम.

५६ टक्के पाणी म्हणजे पीठ घट्ट, आणि हाताला ते जाणवतं. पहिल्या तीन-चार मिनिटांत ते कोरडं, तडकलेलं दिसतं, इथे पाणी वाढवलं की खेळ संपला. भांडं पालथं झाकून दहा मिनिटं सोडा, मैदा पाणी पिऊन मऊ होतो. मग दहा मिनिटं जोर लावून तिंबा. छोटा मिक्सर यात तापून बंद पडतो, हातच बरे.

एक तास झाकून ठेवल्यावर साधारण १०० ग्रॅमचे आठ भाग करा. प्रत्येकाची वीतभर लांब दोरी वळा, ती तळहाताभोवती गुंडाळून टोकं दोन बोटं एकमेकांवर येऊ द्या आणि सांधा ओट्यावर दाबून पुढे-मागे फिरवा. गोळ्याला भोक पाडूनही बेगल होतो, पण दोरीच्या पद्धतीत चिवटपणा जास्त येतो. बेकिंग पेपरवर रवा किंवा मक्याचं पीठ पसरून त्यावर ठेवा, झाकून रात्रभर फ्रीजमध्ये. थंडीत यीस्ट मंदावतं आणि चवीला वेळ मिळतो. भाजल्यावर सालीवर येणारे बारीक फोड याच थंड मुक्कामाचे.

सकाळी आधी एक बेगल थंड पाण्याच्या वाडग्यात सोडा. दहा-पंधरा सेकंदांत तरंगला तर सगळे तयार. बुडाला तर पुसून परत ठेवा आणि अर्ध्या तासाने पुन्हा बघा. रुंद भांड्यात पाणी उकळून त्यात एक मोठा चमचा माल्ट सिरप (न्यूयॉर्कची पद्धत) किंवा मध (मॉन्ट्रियलची) घाला. दोन-तीन बेगल एका वेळी, प्रत्येक बाजूला ४५ सेकंद. झाऱ्याने काढून ओले असतानाच तिळांत बुडवा, सुकल्यावर काही चिकटत नाही. २३० अंशांवर १८ ते २० मिनिटं, गडद सोनेरी होईपर्यंत. मिळमिळीत फिकट बेगल म्हणजे अर्धवट भाजलेला बेगल.

जर्मन प्रेत्झेलही साधारण याच घट्ट पिठाचा, फक्त पाण्याऐवजी सोडियम हायड्रॉक्साइडच्या तीन-चार टक्क्यांच्या द्रावणात बुडवतात. त्या क्षारामुळेच तो तांबूस-तपकिरी रंग आणि ती विशिष्ट चव येते. ते द्रावण त्वचा जाळतं, हातमोजे आणि चष्म्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नका. घरगुती पर्याय म्हणजे खायचा सोडा ट्रेमध्ये पसरून १२० अंशांवर तासभर तापवणं. त्याचं सोडियम कार्बोनेट होतं, जे साध्या सोड्यापेक्षा बरंच तीव्र असतं. तेही उघड्या हाताने हाताळायचं नाही.

५. पम्परनिकेल (जर्मनी): चिकट धान्य, निवत जाणारी भट्टी

वेस्टफालिया भागातला हा काळाभोर ब्रेड राय या धान्याचा. रायचं ग्लुटेन पिठाला बांधून ठेवत नाही, आणि त्यातली विकरं (एन्झाइम) भाजताना स्टार्च तोडत राहतात, मग आतून गोंद होतो. त्यावर उतारा आंबटपणाचा. आंबवण घातलं की ती विकरं आवरली जातात. म्हणून इथे नुसतं यीस्ट चालत नाही. काळा रंगही काकवीचा नसतो. जर्मन नियमांनुसार पम्परनिकेल किमान १६ तास भाजावा लागतो, आणि निवत जाणाऱ्या भट्टीच्या मंद आचेवर इतका वेळ राहिल्यावर धान्यातल्याच शर्करा आणि प्रथिनांतून तो रंग आणि गोडवा येतो.

आंबवण नसेल तर आधी आठवडाभर ते तयार करा: रायचं पीठ आणि पाणी ५०-५० ग्रॅम, रोज अर्धं काढून तेवढीच भर. घातल्यावर काही तासांत दुप्पट व्हायला लागलं की ते कामाला लागलं.

आदल्या रात्री दोन भांडी ठेवा. एकात रायचं पीठ १५० ग्रॅम, पाणी १५० ग्रॅम आणि आंबवण २० ग्रॅम. दुसऱ्यात भरडलेली राय २५० ग्रॅम, त्यावर २५० ग्रॅम उकळतं पाणी ओतून झाकण. सकाळी दोन्ही एकत्र करून रायचं पीठ १५० ग्रॅम, मीठ १० ग्रॅम आणि ६०-७० ग्रॅम पाणी घाला. मळायचं काहीच नाही, ओल्या हाताने किंवा चमच्याने कालवायचं. मिश्रण चिखलासारखं दिसतं, तसंच हवं. तेल लावलेल्या किलोच्या साच्यात दाबून भरा, झाकून दोन तास ठेवा. फार फुगणार नाही, पृष्ठभागावर बारीक छिद्रं दिसली की पुरे.

साच्याला झाकण असो वा नसो, फॉइलचे दोन थर घट्ट लावा. वाफ निसटली तर कडा दगड होतात. ओव्हनच्या तळाला पाण्याचा ट्रे ठेवा. १५० अंशांवर एक तास, मग ११० ते १२० वर उरलेले पंधरा तास, मधूनमधून ट्रेमध्ये पाणी घालत. नंतर ओव्हन बंद करून आतच निवू द्या. एवढा वेळ ओव्हन चालू ठेवणं जमणार नसेल तर हेच मिश्रण उघडं, १७५ अंशांवर सव्वा तास भाजा. तो डॅनिश पद्धतीच्या राय ब्रेडच्या जवळ जातो, पम्परनिकेल त्याला म्हणता येणार नाही, पण ब्रेड उत्तम.

भाजून झाल्यावर फडक्यात गुंडाळून निदान एक दिवस, शक्यतो दोन, तसाच ठेवा. लगेच कापला तर सुरीला चिकटतो आणि कच्चा राहिला असं वाटतं. नंतर पातळ, अर्ध्या सेंटिमीटरचे काप काढा.

साठवण

गव्हाचा कोणताही ब्रेड फ्रीजमध्ये ठेवू नका, त्या तापमानाला तो बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. फ्रीझर चालतो. बेगल पूर्ण निवल्यावर आडवे कापून मगच गोठवा, म्हणजे थेट टोस्टरमध्ये टाकता येतात. खल्ला दोन दिवस पिशवीत मऊ राहतो. सोडा ब्रेड त्याच दिवशीचा, दुसऱ्या दिवशी भाजून. पम्परनिकेल कागदात गुंडाळून आठवडाभर बाहेर सहज टिकतो, हवा फार दमट असेल तर त्याचेही काप करून फ्रीझरमध्ये ठेवा.